मगावरचे राजे

संग्रहालयाच्या बाई तीनला यायच्या होत्या आणि तिघा भावांतल्या धाकट्यांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. खुर्च्या दोनदा हलवल्या, पडदे एकदा ओढले, एकदा उघडले, आणि ‘त्या राजांना बघायला येताहेत, तुम्हाला नव्हे’ असं बायकोने ऐकवलं तेव्हा कुठे एका जागी बसले. या घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला आज ना उद्या झिलई चढते. त्यांच्या बायकोच्या, धाकट्या जाऊबाईंच्या, जिभेला तेवढी ती तीस वर्षांत कुणाला चढवता आली नाही.

राजे आपल्या फळीवर होते. दिवाणखान्याची मागची भिंत घरच्या मगांच्या कारखान्याच्या भट्टीला लागून आहे, त्यामुळे ती बारा महिने कोमट असते. त्या भिंतीवर एकच फळी आणि फळीवर एकच मग. दुधाळ रंगाचा, काठाला निळी रेघ, आणि पोटावर राजे: हिरवा अंगरखा, खांद्यावरून तिरपा गेलेला पट्टा, मागे बांधलेले केस, खालचा ओठ जरासा पुढे.

एकेकाळी हे राजे ‘मी मेलेलो नाही, गादी माझी आहे’ असं म्हणत परतून आले होते. गादीवर बसलेल्यांनी त्यांना तोतया ठरवलं. अर्ध्या मुलखाने मान तुकवली, अर्ध्याने तलवार उपसली, आणि शेवटी हरल्यावर राजे कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. घराण्याच्या मूळपुरुषाने त्यांच्या माणसांसाठी चाळीस मग केले होते. ज्याच्या घरी तो चेहरा सापडेल त्याचा हात तोडावा असा हुकूम सुटला, तेव्हा एकोणचाळीस फुटले. चाळिसावा मूळपुरुषाने भट्टीच्या भिंतीत चिणून टाकला. तो त्याच्या नातवाने बाहेर काढला.

ते खरे होते की खोटे हे कुठल्याच पुस्तकाने छातीठोक सांगितलेलं नाही. या घरात तो प्रश्नच नव्हता. ‘तोतया’ हा शब्द चपलांबरोबर बाहेर काढून यायचा. थोरल्यांच्या वडिलांनी एका व्यापाऱ्याला या एका शब्दापायी दोनशे बश्यांसकट परत पाठवलं होतं.

आणि खरं सांगायचं तर राजांसमोर तो शब्द तोंडातून निघतच नसे, कारण राजे बघत. दारात उभे राहा, खिडकीशी जा, कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय वर घेऊन बसा, त्यांची नजर तुमच्यावर. रागीट नव्हे, मायाळूही नव्हे. ‘बरं, आता काय करतोस ते बघू’ अशी. या खोलीत मुलांनी कधी चोरून साखर खाल्ली नाही. ओल्या मातीचं वजन सुक्याच्या भावात घालणाऱ्या गाडीवाल्याला थोरले मुद्दाम फळीसमोरच्या खुर्चीत बसवत, आणि चहा संपायच्या आत तो आपण होऊन दोन पोती कमी करी.

थोरले आज तिथेच बसले होते, समोर, काठीवर हनुवटी टेकवून. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. हात हल्ली कुंचला धरला की थरथरायचा. म्हणून आजच, सगळे जमलेच आहेत तर, मगांवर चित्रं काढायच्या चित्रखोलीची किल्ली पुढच्या हातात द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. किल्ली कमरेला होती. ती कुणाला द्यायची हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. लहानपणी त्यांनी पाहिलेले राजे कुणाकडेच बघत नसत. ते खिडकीकडे बघत, जरा वर, जरा लांब, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. हे त्यांना पक्कं आठवत होतं. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घराचे कर्ते म्हणून ते पहिल्यांदाच भट्टी लावणार होते, तेव्हा ते रिवाजाप्रमाणे फळीसमोर उभे राहिले आणि मान वर केली तर राजे त्यांच्याकडे बघत होते. सरळ. ते डावीकडे सरकले, नजर डावीकडे आली. उजवीकडे सरकले, उजवीकडे आली. छत्तीस वर्षांचा तो धिप्पाड माणूस फळीसमोर खालीच बसला होता.

राजांनी आपल्याला स्वीकारलं, असं त्यांनी मानलं. कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर तिने दृष्ट काढली असती नाहीतर डॉक्टरकडे नेलं असतं. पण त्या दिवसापासून आजतागायत, अडतीस वर्षं, प्रत्येक भट्टीआधी ते त्या फळीसमोर उभे राहून म्हणत, ‘भट्टी लावतो. आज्ञा असावी.’ केसाएवढी चीर गेलेला मग त्यांनी कधी चांगल्यात घातला नाही. कारखाना फरशीवाल्यांना विकून मोकळं व्हावं असं एकदा फार वाटलं, तेव्हा अख्खी दुपार इथे बसून काढली आणि संध्याकाळी नकार कळवला. बायको गेली तेव्हा रडायलाही इथेच आले. माणसाला आपल्याकडे कुणी बघत असलं की नीट वागता येतं.

स्वयंपाकघरात मधल्या वहिनी ट्रेमध्ये कप मांडत होत्या आणि त्यांचे हात गार पडले होते.

थोरल्यांच्या पाठच्या भावाची ही बायको. तो जाऊन सहा वर्षं झाली. वहिनी कमी बोलणाऱ्या, मोठ्या दिरासमोर तर मान खाली ती खालीच. थोरलेही त्यांच्याशी थेट बोलत नसत. ‘चहा झाला का विचार’, ‘सांग तिला, जेवण एकला’ असा कारभार. लग्न होऊन आल्यापासून वहिनी कानांच्या खोलीत बसल्या. बायकांचं काम तेच: मगाला कान लावायचा. ओल्या कानाची दोन्ही टोकं पातळ चिखलात बुडवायची, मगाला टेकवायची, आणि खालच्या टोकावर अंगठा दाबायचा. तो अंगठ्याचा खळगा भट्टीतून पक्का होऊन निघतो. गिऱ्हाईक मग उलटा करून शिक्का बघत नाही, कानाखालचा अंगठा बघतं.

राजांच्या मगालाही तसाच अंगठा होता, आणि चांगलाच लहान. त्यावरून मूळपुरुष ठेंगणे होते हे घराण्याने पिढीपूर्वीच ठरवून टाकलं होतं. धाकट्यांनी ऑफिससाठी त्यांचं तैलचित्र काढून घेतलं तेव्हा चित्रकाराला सांगून त्यांना भट्टीसमोर स्टुलावर उभं केलं होतं.

आता या सगळ्याला काय म्हणावं? मूळपुरुष ठेंगणे नव्हते. तो अंगठा मधल्या वहिनींचा होता.

अडतीस वर्षांपूर्वी सासरे हॉस्पिटलात होते, दिवाणखान्यात रंगकाम चाललं होतं, आणि राजे तेवढ्यापुरते वहिनींच्या कपाटात ठेवले होते. रंगाची धूळ बसली म्हणून त्यांनी मग धुवायला घेतला आणि तो नळाच्या तोटीला लागला. आवाजसुद्धा फार झाला नाही. घरात कुणी नव्हतं, सगळे हॉस्पिटलात. वहिनी फरशीवर बसल्या आणि त्यांना वाटलं, आता या घरात आपण मेलो.

वहिनींचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. ही गोष्ट सासरी सांगितली होती, सगळ्यांनी ऐकली होती आणि विसरली होती. लहानपणी वडिलांचा हात दुखला की अक्षरं ते आखत आणि चेहरे वहिनी भरत. त्या रात्रीपासून अकरा दिवस, माणसं हॉस्पिटलात गेली की वहिनी चित्रखोलीत गेल्या. किल्ली तेव्हा दाराच्या चौकटीवर असायची. पहिला मग झिलईत हिरवा पडला, दुसऱ्याचं तोंड वाकलं. तिसरा त्यांनी रोजच्या मालात, मधल्या थरात, दुधाच्या मगांच्या आड ठेवला. थोरल्यांनीच ती भट्टी लावली आणि थोरल्यांनीच उघडली, आपण काय भाजलं ते न कळता. सासरे गेले त्या संध्याकाळी राजे परत फळीवर होते.

चेहरा जमला, रेघ जमली, अंगरख्याची बटणंसुद्धा मोजून तितकीच आली. एकच चूक झाली, आणि ती त्यांना पंधरा दिवसांनी कळली. शेवटी कान लावताना हाताने सवयीने जे करायचं ते केलं. अंगठा दाबला. अंगठ्याची रीत सासूबाईंनी सुरू केलेली, हे घरच्या पुरुषांना कधी ठाऊकच नव्हतं. मूळपुरुष कानाचं टोक सुरीने छाटत. पण घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण या घरात कानाखाली अंगठा असायचाच.

आणि आता ज्या बाई येत होत्या त्या या घरातल्या नव्हत्या.

‘आई, मी नेते ट्रे.’ दारात त्यांची मुलगी उभी होती. एकतीस वर्षांची, बाहीला निळा रंग. घरात तिला राणीसाहेब म्हणतात, तेही थोरल्यांमुळे. जन्मली तेव्हा त्यांनी दुपट्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, ‘अरे, हिला तर राजांचे डोळे आहेत.’ सगळ्यांनी बघितलं, आणि होतेच. तेव्हापासून ती घरातली कौतुकाची गोष्ट झाली. वहिनी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपून राहिल्या होत्या.

राणीसाहेबला चित्रखोली हवी होती. तिने ती दोनदा मागितली होती आणि दोन्ही वेळा धाकट्यांनी हसण्यावारी नेलं होतं. तिसऱ्यांदा मागायची नाही, असं तिने आज सकाळी आईला सांगितलं होतं. आज किल्ली दुसऱ्या कुणाला गेली तर ती दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात जाणार होती, तिथे त्यांनी बोलावलं होतं. बॅग भरलेली होती. वहिनींनी ती पलंगाखाली पाहिली होती.

संग्रहालयाच्या बाई ठरल्या वेळी आल्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, गळ्यात दोरीला भिंग. धाकट्यांनी सोफ्याकडे हात केला. पण बाईंनी फळीकडे पाहिलं आणि त्या उभ्याच राहिल्या. बराच वेळ.  भट्टीच्या भिंतीतून नेहमीचा मंद गुरगुराट येत होता, काल रात्रीची आच निवत होती.

‘मी पुष्कळ मग बघितलेत,’ शेवटी बाई म्हणाल्या. ‘असं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं.’

थोरल्यांनी काठीवरची हनुवटी उचलली. त्यांना त्या बाई एकदम आवडल्या.

मूळ बोलणं धाकट्यांनी आधीच केलेलं होतं. संग्रहालयात नवं दालन होणार, त्यात मधोमध राजे, शेजारी पाटीवर घराण्याचं नाव. अडलं होतं ते पाटीवर. बाईंच्या कागदावर ‘तोतयाचा मग’ लिहिलं होतं; धाकट्यांनी तो कागद थोरल्यांपासून आठवडाभर लपवला होता आणि आज खोकून खोकून तो विषय काढला. थोरले म्हणाले, राजे म्हणून जातील नाहीतर जाणार नाहीत. बाई म्हणाल्या, दावेदार म्हणू या. त्यावर अर्धा तास गेला, दोनदा चहा झाला, आणि अखेर ‘राजेपदाचे दावेदार’ यावर दोन्ही बाजू सारख्याच नाराज होऊन थांबल्या.

तेवढं झाल्यावर बाईंनी पांढरे हातमोजे चढवले. थोरल्यांनी स्वतः मग खाली काढून टेबलावर ठेवला. बाईंनी भिंग लावून चेहऱ्यापासून सुरुवात केली, काठ, पोट, बूड, आणि शेवटी कानाच्या खालच्या टोकाशी येऊन थांबल्या. त्यांनी पिशवीतून एक पेटी काढली. आत कापसावर चार तुटके कान होते.

नदीचं पात्र आटलं तेव्हा हे सापडले, असं त्यांनी सांगितलं. त्याच खेपेचे, तीच माती, तीच निळी रेघ. हुकूम सुटल्यावर लोकांनी फोडून पाण्यात टाकले असणार. चारही कानांची टोकं सुरीने स्वच्छ छाटलेली आहेत. अंगठा एकालाही नाही. तर या एकट्याला तो कसा?

दाराशी उभ्या असलेल्या मधल्या वहिनींनी चौकट धरली.

धाकट्या जाऊबाईंनी न विचारता बाईंच्या हातातलं भिंग घेतलं. त्या सत्तावीस वर्षं कानांच्या खोलीत बसत होत्या, मधल्या वहिनींच्या शेजारी, कोपराला कोपर. अंगठ्याच्या खळग्यात त्यांना एक बारीक तिरपी रेघ दिसली, पेरावरून नखाकडे गेलेली. जाऊबाईंना ती रेघ आपल्या हातासारखी माहीत होती. लहानपणी पाटीचा पत्रा लागून कापलेला अंगठा. रोज शेकडो मगांवर तीच रेघ उमटे आणि त्या रोज म्हणत, तुमच्यामुळे माल डागी दिसतो हो. त्यांनी भिंग खाली केलं आणि दाराकडे पाहिलं. या जावेशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. नळावरून भांडण, वाळत घातलेल्या चादरीवरून भांडण. आत्ता दारात ती उभी होती आणि तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

‘सासूबाईंचा अंगठा आहे,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘कान एकदा निखळला होता, त्यांनी नवा बसवला. मला सांगितलं होतं त्यांनी.’

अशी सरळसोट थाप त्यांनी आयुष्यात कुणासाठी मारली नव्हती. मारून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बाई म्हणाल्या, असं होऊ शकतं, पण पटल्यासारख्या दिसल्या नाहीत. आईने असं काही केलं आणि आपल्याला माहीत नाही, याचं थोरल्यांना कोडं पडलं. धाकट्यांनी मात्र सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच त्याचा उपयोगही केला. पाहुण्यांसमोर किल्लीची गोष्ट निघाली की थोरल्यांना मागे फिरता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते वाईट नव्हते. आपला मुलगा कुठेतरी चिकटावा एवढंच त्यांना हवं होतं. मुलगा खिडकीशी उभा राहून मोबाइल बघत होता. त्याला सरळ रेघ पट्टी लावूनही येत नसे.

‘बघा दादा, कोडं सुटलं की नाही,’ धाकटे म्हणाले. ‘कान बायकांचा, चेहरा मूळपुरुषाचा. घराण्याची रीत आपोआप समोर आली. हे डोळे बघा. हा हात वंशातून येतो, बापाकडून मुलाकडे. राणीसाहेब छान काढते, नाही कोण म्हणतो, फुलंबिलं उत्तम. पण असं काम बाईच्या हातून झालेलं तुम्ही कधी बघितलंय का? किल्ली द्या आमच्या चिरंजीवांना आणि मोकळे व्हा.’

थोरले मगाकडे बघत होते. त्यांचा हात कमरेकडे गेला.

 राणीसाहेबला लहानपणापासून हे डोळे एका हाताने, न थांबता काढता येत. वहीच्या मागच्या पानांवर, धुळीवर, कच्च्या मगांच्या बुडाशी. ते आपल्याला कुणी शिकवलं नाही म्हणजे मूळपुरुषाचाच हात आपल्यात आला, असं तिने मनाशी धरलं होतं. आता तिने कपांचा ट्रे उचलला आणि ती दाराकडे वळली. आईच्या शेजारून जाताना ती एवढंच पुटपुटली, ‘जाते गं मी.’

मधल्या वहिनींनी तिच्या हातातला ट्रे घेतला आणि परत टेबलावर ठेवला. 

‘कान माझा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आणि चेहराही माझाच आहे.’

पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. त्या एवढं मोठ्याने बोलतात हेच कुणी ऐकलेलं नव्हतं. वहिनींनी सांगितलं, एकेक करून: हॉस्पिटल, रंगकाम, नळाची तोटी, अकरा दिवस, हिरवा पडलेला मग, वाकलेला मग. मध्येच धाकटे हसले आणि म्हणाले, वहिनी, पोरीसाठी एवढं करू नका. तेव्हा वहिनी आत गेल्या आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. टेबलावर साडीचा मऊ तुकडा पसरला आणि त्यावर डबा उपडा केला.

बाईंनी हातमोज्यांनी एकेक तुकडा उचलला. हिरवा अंगरखा. तिरपा पट्टा. पुढे आलेला खालचा ओठ. आणि एक कान, अखंड, ज्याचं खालचं टोक सुरीने स्वच्छ छाटलेलं होतं. त्यांनी तो पेटीतल्या चार कानांशेजारी ठेवला. पाचही एका माळेतले दिसत होते. धाकट्यांनी खुर्चीचा हात धरला आणि ते हळूच खाली बसले. जाऊबाई उगाचच पदर सारखा करत राहिल्या.

बाईंनी तुकडे जुळवले. चेहरा हळूहळू उभा राहिला, हनुवटीपासून गालापर्यंत, वर कपाळ आणि केस. मधे बोटभर रुंदीची मोकळी जागा राहिली.

‘डोळे नाहीत,’ बाई म्हणाल्या.

‘तेवढ्या तुकड्याचं पीठ झालं होतं.’

 आता थोरल्यांनी टेबलावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, शेजारच्या मगाकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज आला तो ओळखू येईना. ते नेहमीप्रमाणे पुतणीला म्हणाले, ‘विचार तिला. राजे पूर्वी खिडकीकडे बघायचे.’ राणीसाहेब तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. आणि वहिनी या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना सरळ विचारलं.

‘तुम्ही त्यांना इकडे का वळवलंत?’

‘ते कुठे बघायचे ते मला माहीत नव्हतं, भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘रोज पुसायचे मी. बटणं, पट्टा, ओठ, सगळं हाताला पाठ होतं. पण डोळ्यांकडे कधी मान वर करून बघितलं नाही. राजे ते. नवी सून त्यांच्या नजरेला नजर कशी देणार?’

‘तर हे डोळे कुणाचे?’

वहिनींनी साडीच्या तुकड्याची कड सरळ केली.

‘बाबा म्हणायचे, चेहरा काढायचा तर समोर कुणीतरी बसायला हवं. घरात कुणीच नव्हतं. चित्रखोलीत दाढीचा आरसा होता, तुमचाच. तो मी समोर ठेवला.’

आता कुणी कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. सगळे बघतच होते. फळीवरून खाली आलेले राजे टेबलावरून बघत होते, त्यांच्यामागे मधल्या वहिनी उभ्या होत्या, वहिनींच्या खांद्यापाशी राणीसाहेब. तीन चेहरे आणि डोळ्यांची जोडी एकच. ‘बरं, आता काय करता ते बघू’ अशी. धाकट्यांच्या मुलाने मोबाइल खिशात ठेवला आणि ‘आई शप्पथ’ म्हणाला, पण हळू, देवळात बोलावं तसा. त्या मुलाला घरातल्या कुठल्या गोष्टीचं नवल वाटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एवढ्या वर्षांत ही बाई कुणाला दिसलीच नव्हती, आणि एवढी वर्षं घर तिच्याच नजरेखाली होतं.

थोरले उठले. काठी घ्यायचीही राहिली. भिंतीला धरत धरत ते मागच्या दाराने भट्टीच्या अंगणात गेले.

त्यानंतरचा पाऊण तास वाईट गेला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन कप विसळत बसल्या, धुतलेलेच पुन्हा. दादा आता मग फोडणार, असं धाकट्यांना वाटत होतं. मग फोडणार नाहीत, वहिनींना घराबाहेर काढतील, असं त्यांच्या बायकोला. ती जाऊन वहिनींच्या शेजारी उभी राहिली आणि फडकं घेऊन कप पुसू लागली. बराच वेळ पुसून झाल्यावर म्हणाली, ‘डागी माल म्हणायचे ना मी. माझं चुकलं.’ वहिनींनी तिला पुढचा कप दिला.

बाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. राणीसाहेबने विचारलं की आता तुम्ही काय नेणार. त्या म्हणाल्या, तुकडे नेते, तुमची परवानगी असेल तर, ते मूळपुरुषाचे आहेत. हा मग नेता येणार नाही, कारण त्याच्या पाटीवर काय लिहायचं ते मला ठरवता येत नाही. हे सांगताना त्या राजांकडे बघत होत्या. हरलेला एक माणूस इतकी वर्षं या भिंतीवरून अख्ख्या घराला सरळ ठेवतो, म्हणाल्या, आणि तो तो नसतोच.

पाचला भट्टी लावायची होती. पाचला दहा कमी असताना थोरले आत आले. केसांत राख होती, डोळे लाल होते, पण चाल रोजची होती. दिवाणखान्यात येऊन त्यांनी राजांना दोन्ही हातांनी उचललं आणि फळीवर जागच्या जागी ठेवलं. धाकटे अर्धवट उठले आणि संग्रहालयाचं काय, असं विचारू लागले.

‘ते कामात आहेत,’ थोरले म्हणाले.

कमरेची किल्ली काढून त्यांनी ती राणीसाहेबच्या निळ्या तळव्यावर ठेवली. मूळपुरुषाचा हात तुझ्यात नाही, म्हणाले, त्याहून बरा आहे. ती काही बोलायच्या आत ते पुढे गेले.

रिवाजाप्रमाणे आता त्यांनी फळीसमोर उभं राहायला हवं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. ते फळीपाशी थबकले, तिच्यावरून पुढे गेले, आणि ज्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत अडतीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं त्याच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. अंगणातून येताना पायांत तशाच राहिलेल्या चपला त्यांनी बाहेर काढल्या. हात जोडले नाहीत, नुसते बाजूला सरळ सोडले, रोज सोडत तसे.

‘भट्टी लावतो,’ ते म्हणाले. ‘आज्ञा असावी.’

नळ चालू होता. मधल्या वहिनींनी तो बंद केला, हात पदराला पुसले, आणि मान वर करून मोठ्या दिराकडे सरळ पाहिलं.

‘लावा,’ त्या म्हणाल्या.